बगळ्याच्या भिंती

सन १९७४. नवरात्राच्या आधीचा सोमवार, सकाळची वेळ. स्थळ: वाशीम, कस्तूरशेठच्या दुकानावरचा माळा. हजर: कस्तूरशेठ, साबणाचे एजंट आणि माळ्याचे मालक; भास्करराव इंगोले, कंपनीचे प्रचार-व्यवस्थापक; गफूरभाई पेंटर; आणि मी, टायपिस्ट, नोकरीला नवी. गैरहजर: कोणी नाही. भास्कररावांच्या बैठकीला गैरहजर राहणं अवघड होतं. आदल्या संध्याकाळी ते प्रत्येकाच्या दारात उभे राहून विचारून जायचे, "उद्या येऊन राह्यले ना?"

अशी नोंद करायची सवय मला त्यांनीच लावली. घरातली लग्नं, आजारपणं, पाहुण्यांची ये-जा, सगळं मी याच पद्धतीने निभावत आले. तरी त्यांच्याविषयी लिहायचं राहून गेलं होतं. मागच्या सुटीत माझी मुलगी पुण्याहून आली. ती एका कंपनीत मार्केटिंगची प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणाली, "आई, माझं काम तुला समजावून सांगणं कठीण आहे. माझ्या हाताखाली कोणीच नाही, पण सगळ्यांकडून वेळेवर काम करून घ्यायची जबाबदारी माझी." मी म्हटलं, समजलं. हे काम मी जवळून पाहिलेलं आहे. फरक इतकाच, की तिच्याकडे कॉम्प्युटर आहे आणि भाऊंकडे छत्री होती.

भास्करराव कोणी म्हणत नसे. सगळ्यांचे ते भाऊच. पन्नाशीचे, काटकुळे, पांढरा सदरा, आणि बारा महिने काखेत काळी छत्री. तिचा उपयोग ऊन-पावसाला कमी, भिंत मोजायला जास्त. "रुंदी तीन छत्र्या," असं ते सांगायचे आणि मी लिहायची. मूळचे आमच्या वाशीमकडच्या मालेगावजवळच्या खेड्यातले. आधी जिनिंग फॅक्टरीत होते, ती बंद पडली. मग या कंपनीत लागले. "ह्या वयात कोनी मले तिसरी नौकरी देत नाई, नलूबाई. म्हून हेच नीट करू," असं एकदा चहा पिता पिता ते सहज बोलून गेले.

कंपनी नागपूरची. माल म्हणजे कपडे धुवायच्या साबणाची वडी, बगळा छाप. तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला तालुका. मोहीम आखली होती रिसोड, मालेगाव आणि मानोऱ्याकडच्या गावांसाठी. कस्तूरशेठना एजन्सी मिळाली होती ती बोलीवर. दिवाळीनंतर नागपूरचे साहेब येऊन गावं पाहणार. प्रचार पसंत पडला तर डेपो वाशीमला कायम, नाही तर तो अकोल्याला जाणार. डेपो म्हणजे गोदाम, जीप आणि आमच्या नोकऱ्या. शेठनी नव्या गोदामावर छप्पर घालून ठेवलं होतं. भाऊंना तर अकोल्याचं आश्वासनही नव्हतं. डेपो गेला की ते घरी.

हे सगळं डोक्यावर असताना भाऊ बैठकीत शेंगा वाटायचे. खाऱ्या शेंगांचा पुडा मधोमध उलटा करायचा, प्रत्येकाने फोडत बोलायचं. शेंगा संपल्या की बैठक संपली. शेठ एकदा म्हणाले, "भाऊ, अजून एक बात बाकी हाय." भाऊंनी टरफलं गोळा करत विचारलं, "मंग शेंगा खाताना काहून नाई सांगतली?"

त्यांचे काही नियम होते. 'लगेच' हा शब्द चालत नसे. कोणी "लगेच करतो" म्हटलं की ते शांतपणे विचारायचे, "लगेच म्हंजे? चहाच्या आगुदर का चहाच्या मंग?" आणि ते कोणालाही "झालं का?" असं कधी विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच असायचा: "काय अडलं?"

मी कारण विचारलं.

"झालं का म्हटलं, का मानूस हो म्हनते. त्याले आपल्याले वाईट वाटू द्यायचं नसते. काय अडलं म्हटलं, का मंग खरं सांगते. कायी ना कायी अडलेलंच असते, बाप्पा."

हुकूम चालवायला त्यांच्या हाताखाली कोणीच नव्हतं. पेंटर रोजाचा, ड्रायव्हर शेठचा, छापखाना अकोल्याचा, दुकानदार आपापल्या मर्जीचे. त्यांची तऱ्हा मी छापखान्यात पाहिली. आमची हस्तपत्रकं अडकली होती. छापखान्याचे मालक रोज नवं कारण सांगत. भाऊ मला घेऊन सकाळच्या बसने अकोल्याला गेले. आत दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचा ढीग पडला होता, घडी घालायचा बाकी. भाऊंनी छत्री भिंतीला टेकवली, खाली बसकण मारली आणि घड्या घालायला लागले. मलाही खूण केली. बऱ्याच वेळाने मालकांचं लक्ष गेलं.

"भाऊ, हे काय करून राह्यले तुमी?"

"तुमचं हे काम सरल्याबिगर माह्यं मशीनवर चढत नाई. म्हून हे सरवून राह्यलो."

"उठा हो, लाजवता काय?"

"नाई नाई, तुमी चालू द्या. आमाले शेवटच्या बसपावतर टाइम आहे."

दुपारी आमची पत्रकं मशीनवर चढली. परतीच्या बसमध्ये गठ्ठे मांडीवर होते. भाऊ समाधानाने झोपले होते. मालकांवर मात केली असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं. त्यांच्या लेखी एक अडलेलं काम सुटलं होतं, बस.

रिसोडच्या बाजाराचा दिवस तर मी विसरणं शक्य नाही. बाजारात टब मांडून साबणाचं प्रात्यक्षिक करायचं होतं. कंपनीने त्यासाठी डाग पाडलेली फडकी पाठवली होती. भाऊंनी ती उलटसुलट पाहिली आणि जीपमध्ये परत ठेवली.

"काहून भाऊ?" ड्रायव्हरने विचारलं.

"हा डाग कंपनीनंच लावला. कधी निंगायचं ते त्याले पाठ आहे."

मग त्यांनी गर्दीकडेच कापड मागितलं. एका मसालेवाल्याने खांद्यावरचं उपरणं काढून दिलं. तेल, घाम, हळद, सगळं त्यावर होतं. भाऊंनी स्वतः बाह्या सारून ते धुतलं, पिळलं आणि दोन्ही हातांनी लोकांसमोर धरलं. मळ गेला होता. हळद तशीच होती, उलट लालसर दिसत होती.

शेठ मागे उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

भाऊ म्हणाले, "तेल निंगालं. घाम निंगाला. हयद नाई निंगाली. हयदीले उनात वायवा, ते आपोआप उडते. त्याच्यासाठी साबन घासू नका."

पुढे उभी असलेली एक बाई म्हणाली, "हे आमाले माहीत नाई काय?"

"तुमाले माहीत आहे, म्हून तं मले खोटं सांगता येत नाई."

लोक हसले. त्या बाईने दोन वड्या घेतल्या, मग तिच्या मागचीने. जीपमध्ये बसल्यावर शेठ फुगले होते. "भाऊ, आपण माल बेचायला आलो का मालाची बुराई करायला?" भाऊ म्हणाले, "शेठ, ते बाई पुढच्या बाजारीबी येते. मलेबी यावं लागते."

अशा माणसाकडून चूक झाली, ती भिंतींची.

मोहिमेचा जीव भिंतींत होता. गफूरभाईंचा बगळा देखणा असायचा, एका पायावर उभा, मान किंचित वळवलेली, जणू धुतलेल्या कपड्यांकडे पाहतोय. नवरात्रात आम्ही गावोगाव फिरलो. भाऊ पारावर किंवा दुकानाच्या ओट्यावर बसायचे, घरमालकाशी बोलायचे, छत्रीने भिंत मोजायचे. दिवाळी तोंडावर होती. दिवाळीला आमच्याकडे घरं पांढऱ्या मातीने सारवतात, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. प्रत्येक मालकाला ते बजावायचे, "सनाले ही भीत सारवू नका बरं." प्रत्येक मालक म्हणायचा, "नाई भाऊ, काहून सारवू?" मी पुढे 'होकार' लिहायची.

भाऊबीज झाल्यावर आम्ही पाहणीला निघालो. मालेगावच्या अलीकडचं पहिलं गाव. पहिली भिंत. पांढरीशुभ्र, खाली गेरूचा पट्टा, बगळा नाही. दुसरी तशीच. तिसऱ्या घरावर मातीतून बगळ्याचा एक पाय तेवढा दिसत होता.

गफूरभाई जीपमधून उतरलेच नाहीत. म्हणाले, "भाऊ, बगला तो उड गया."

घरमालक बाहेर आला. अवघडून म्हणाला, "मी तं हो म्हटलं होतं, भाऊ. पन सारवते ते."

'ते', म्हणजे त्याची बायको, आतून बोलली. "मले कोनं सांगतलं होतं? सनासुदीचं सारं घर सारवाव अन् तेवढाच तुकडा मयका ठेवाव काय?"

भाऊंनी तिला हात जोडले. "बरोबर आहे, बाई." मग ते विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले.  मला म्हणाले, "नलूबाई, मी झालं का हेच विचारत फिरलो. तेबी ज्याले ते काम करायचंच नाई त्याले. भीत बाप्याच्या नावावर असते. सारवते बाई. मी बाईले विचारलंच नाई."

त्या दिवशी फिरलेल्या जवळजवळ प्रत्येक गावात हेच निघालं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावर बैठक झाली. साहेब यायला थोडेच दिवस उरले होते. शेठनी व्यवहारी तोडगा काढला. "सडकेवरच्या भिंती घ्या. साहेब जीपमधून पाहणार. आतल्या गावात कायले जाते ते? गफूरभाई, होते ना?"

"हो जाएगा," गफूरभाई म्हणाले.

भाऊ शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "होते. पन पुढच्या सनाले त्याबी जातीन. शेठ, साहेबाले दाखवायचं का साबन इकायचा, हे एकदा ठरवा."

"आधी डेपो टिकवायचा, भाऊ. डेपो गेला तर साबण कोण विकते?"

  भाऊ एवढंच म्हणाले, "मले जेवढ्या इचारून होतीन तेवढ्या करू द्या." जीप कंपनीची, भाऊंच्या ताब्यातली; त्यांच्याशिवाय शेठना ती हलवता येत नव्हती. ते कबूल झाले, पण त्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली: पहिल्या रंगाचं साहेबांपाशी बोलायचं नाही. काम उशिरा सुरू झालं म्हणायचं.

यावेळी भाऊंनी मला पुढे केलं. स्वतः अंगणाबाहेर छत्री टेकून उभे राहायचे. पहिल्या घरी मी साबणाचे गुण सांगायला लागले. बाई ऐकून घेत होती आणि तिची भाकर तव्यावर करपत होती. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "आगुदर पानी मागा. मंग तिचं काम पाहा. मंग बोला. तिच्यापाशी भीत मागायची आहे, काही लहान गोष्ट नोहे."

बायकांच्या अटी निघाल्या. कोणी म्हणे, वरच्या अंगाला काढा, खालून ढोरं घासतात. कोणी विचारे, सणाला सारवायचं कसं? भाऊ बाहेरूनच सांगायचे, "बगळ्याच्या भोवतानं सारवा, माय." एकीने साफ सांगितलं, "बगळा कायले? मोर काढून द्या." गफूरभाईंना ते लागलं. ते बगळ्याचे कलावंत होते. भाऊंनी मधला रस्ता काढला: साबणाचा बगळा डावीकडे, दाराच्या उजवीकडे तिचा मोर, रंग आमचा. मग त्या सगळ्या गल्लीला मोर हवे झाले. गफूरभाई कुरकुरत गेले, पण त्यांचा मोरही वाईट नव्हता.

काहींनी नाही म्हटलं. भाऊ त्यांनाही हात जोडायचे आणि मला सांगायचे, "नाई लिहा, चांगल्या अक्षरात." अशा रीतीने साहेब यायच्या दिवशी आमच्या निम्म्या भिंतीही झाल्या नव्हत्या.

साहेब तरुण होते, नम्र होते आणि डोळे उघडे ठेवणारे होते. मालेगावकडची गावं त्यांनी उतरून पाहिली. मानोऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि एका तांड्याजवळच्या वळणावर त्यांनी जीप थांबवली. वळणावरच राठोडांचं घर होतं. भिंत रुंद, सपाट, येणाऱ्या-जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या गाड्यांना समोर दिसणारी. कोरी.

"ही का सोडली?" साहेबांनी विचारलं. "सगळ्या रस्त्यावर हिच्यासारखी भिंत नाही."

भाऊ म्हणाले, "घराले कुलूप आहे, साहेब. मान्सं कामाले बाहीर गेली. होळीपावतर येत नाई."

"मग काढून टाका. आल्यावर बघतील."

शेठ लगबगीने म्हणाले, "गफूरभाई, डबा काढा." गफूरभाईंनी डबा उतरवला, झाकण उचकटलं आणि ब्रश हातात धरून भाऊंकडे पाहत उभे राहिले. आम्ही सगळेच पाहत होतो. एक बगळा, अर्ध्या दिवसाचं काम. डेपो वाचवायला तेवढाच पुरला असता असं मला तेव्हा वाटत होतं.

भाऊ म्हणाले, "नको, साहेब. बिनइचारलेल्या भिती आपन एकदा रंगवल्या. त्या गेल्या."

"कुठल्या?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवरात्रातला रंग, पुरुषांचे होकार, दिवाळीची माती, मातीतून दिसणारा तो एक पाय. शेठ रस्त्यापलीकडच्या तुरीच्या वावराकडे पाहत राहिले.

"म्हणजे जवळजवळ सगळा रंग वाया गेला," साहेब म्हणाले. "हे मला कोणी सांगितलं नाही. चूक कोणाची?"

"माही."

"एकट्याची?"

"इचारायचं काम माह्यं होतं."

साहेब थोडा वेळ त्या भिंतीसमोर फिरले. मग म्हणाले, "आणि आता ज्या काढल्यात, त्या टिकतील कशावरून?"

"पुढच्या दिवाळीले येऊन पाहा."

"त्यासाठी तोवर डेपो इथे ठेवावा लागेल."

"ते मी नाई म्हटलं, साहेब," भाऊ म्हणाले. "तुमीच म्हटलं."

साहेबांना हसू आवरलं नाही. गफूरभाईंनी डब्याचं झाकण हलकेच लावून टाकलं. एका वर्षाची मुदत मिळाली. परतीच्या वाटेवर शेठ भाऊंशी बोलले नाहीत, पण वाशीम आल्यावर त्यांनी स्वतः शेंगा मागवल्या.

पुढच्या दिवाळीनंतर साहेब खरंच आले. काही भिंती गेल्या होत्या. बऱ्याच होत्या. बायकांनी बगळ्याभोवती सारवून कडेला गेरूची चौकट ओढली होती. एकीने बगळ्याला काजळाचा डोळा घातला होता. गफूरभाई म्हणाले, आपल्याला हे सुचलं नव्हतं. त्या गावांतल्या दुकानांत आमच्या साबणाची मागणी टिकून होती. डेपो वाशीमला कायम झाला. आणि अशी मोहीम जमवणारा माणूस कंपनीला दुसरीकडे हवा झाला. होळी उलटल्यावर भाऊंची बदली यवतमाळकडे झाली. शेठनी बदली रद्द करायला नागपूरची एक खेप केली, व्यर्थ. जाण्याआधी भाऊ प्रत्येक दुकानदाराला, छापखान्याच्या मालकांना आणि मोरवाल्या गल्लीलाही भेटून आले.

वाशीमच्या स्टँडवर मी त्यांना शेवटचं पाहिलं. खिडकीजवळची जागा, छत्री गुडघ्यांमध्ये. आम्हाला नीट बोलता येत नव्हतं, कंडक्टर घाई करत होता. भाऊ खिडकीतून वाकून म्हणाले, "नलूबाई, ते वळनावरचं घर राह्यलं. ह्या होळीलेबी ते लोक आले नाई. आले का इचारजा. हो म्हटलं तं गफूरले सांगजा. नाई म्हटलं तं लिहून ठेवजा."

"विचारते," मी म्हटलं.

"'लगेच' नका म्हनू," ते म्हणाले, आणि बस निघाली. नंतर त्यांची दोन पत्रं आली, दोन्हींत कामाचंच. मग कोणी तरी सांगितलं की ते गेले.

माझं लग्न रिसोडला झालं. राठोडांचं कुटुंब कधी यायचं, कधी जायचं, माझी आणि त्यांची गाठ पडली नाही. बगळा छाप साबण बंद होऊनही खूप काळ लोटला. वाशीम आता जिल्हा झाला आहे. नणंद मानोऱ्याला असते, त्यामुळे त्या वळणावरून माझं जाणं-येणं असतं. तिथे आता विटांचं पक्कं घर आहे, दार उघडं असतं, अंगणात कपडे वाळत असतात. भिंतीवर सिमेंटची मोठी जाहिरात रंगवलेली आहे, निळी-पिवळी, बसमधून लांबूनच दिसते.

ती काढण्याआधी त्या घरातल्या बाईला कोणी विचारलं होतं का, एवढं उतरून तिला विचारायचं आहे. दरवेळी हातात पिशव्या असतात आणि पुढची बस उशिराची असते. अजून उतरले नाही.